‘देवाय’पाशी पडणारा काटा

श्रीयुत दादासाहेब यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहाच अंगं तूर्त वाकतात. उरलेली दोन गाडीच्या सीटमध्ये अवघडली आहेत, तो वृत्तान्त पुढे येईल.) वहिनींनाही नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो आणि उतरताना दुखत नाही, असं तुम्ही मागे कळवलं होतं. त्यावर फक्त उतरत राहावं असा उपाय मला सुचला होता, पण खाली पोचल्यावर वहिनी तुम्हाला परत वर बोलावतीलच, हे ध्यानात आल्याने लिहिला नाही. फोन न करता पत्र का, असं तुमच्या मनात येईल. कारण सरळ आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. कागदावर तुम्हाला ती सोय नाही.

तुमचं पत्र पोचलं. गाडीला गिऱ्हाईक मिळालं असून तो गृहस्थ महिनाअखेरीस येऊन गाडी घेऊन जाईल, हे वाचलं. ‘तिला चालवणं जमत नाही, तर उगाच दारात कशाला गंजवायची?’ हे वाक्यही वाचलं. तुमच्या बहिणीनेही वाचलं. वाचून तिने पत्राची घडी घातली आणि कणीक मळायला घेतली. ती कणीक त्या दिवशी जेवढी मळली गेली तेवढी मी कधी पाहिली नाही. असो. गाडी तुमची, तुम्ही दूर बदली झाल्यावर विश्वासाने आमच्या दारात ठेवलेली, त्यामुळे निर्णय तुमचाच. हे पत्र केवळ क्षेमकुशलासाठी आहे. यात मागणी, विनंती वा तक्रार नाही, एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही पाय पसरून निर्धास्त वाचाल.

आधी तुमचं कौतुक. इतकी वर्षं ही गाडी तुम्ही किती जपून चालवलीत! रस्ता मोकळा असो की भरलेला, दिवस कामाचा असो की सुट्टीचा, तुमचा वेग चाळीस. एकोणचाळीस नाही, एकेचाळीस नाही. मागच्या गाड्यांचे भोंगे तुम्ही मंगलवाद्यांसारखे शांतपणे ऐकत असा आणि वहिनी शेजारी बसून माझ्या स्वेटरची बाही पुरी करत. मला आठवतं, एकदा आपल्याला एका सायकलवाल्याने मागे टाकलं आणि पुढे जाऊन तो काळजीने वळून बघत होता. ही आठवण सहज लिहिली आहे. पण लक्षात असू द्या.

तर गाडीच्या आजाराची कथा अशी. तुमची बहीण चालवायला शिकली, परवाना मिळाला, आणि थोड्याच दिवसांत गाडी झटके देऊ लागली. सिग्नल सुटला, तिने पाय दाबला की गाडी एक आचका देई, जणू काहीतरी विसरलं म्हणून मागे वळावं की पुढे जावं अशा विचारात पडे, आणि मग एकदम उसळे. चढावर तर सरळ बंदच पडे. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा लागू लागला. मी शेजारच्या सीटवर बसून या सर्वाचं शास्त्रोक्त निरीक्षण करत होतो. (मला गाडी चालवता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळेच माझं निरीक्षण निःपक्षपाती असतं.) आमच्या तर्कशास्त्रात कारण शोधायची एक जुनी, पक्की रीत आहे: जे असताना कार्य घडतं आणि जे नसताना घडत नाही, ते कारण. तुमची बहीण गाडीत असते तेव्हा झटका बसतो. ती नसते तेव्हा बसत नाही. ती नसते तेव्हा गाडी दारात बंद उभी असते, हा तपशील मला त्या वेळी किरकोळ वाटला. मी निष्कर्ष तिला सौम्य शब्दांत सांगितला. तिने माझ्याकडे रुग्णाचा ताप पाहावा तशी नजर टाकली आणि गिअर बदलला.

मग तुमचा फोन आला आणि माझ्या अनुमानाला आप्तवचनाचा आधार मिळाला. तुम्ही म्हणालात, अहो तिचा पाय लहानपणापासूनच धसमुसळा, सायकलचे पॅडलसुद्धा तिने तोडले होते. झालं. दोन प्रमाणं जुळली, आता संशयाला जागा कुठे? त्या दिवसापासून घरात ‘धसमुसळा पाय’ हा शब्द रूढ झाला. तिने स्वतःही तो मान्य केला, आणि हेच मला आता सर्वांत लागतं. ती बूट काढून पातळ चपला घालून चालवू लागली. मग चपला काढून मोज्यांवर. मग अनवाणी. पाय जेवढा उघडा होत गेला तेवढी गाडी जास्तच बुजू लागली. एके सकाळी टेकडीच्या चढावर गाडी बंद पडली, आणि मागे सिमेंट कालवत फिरणारा तो अजस्र ट्रक. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. ट्रकवाला रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली उतरला, काचेपाशी आला आणि अतिशय मायेने म्हणाला, “ताई, पाय जरा हलका ठेवा. घाई नाही आपल्याला.” ती घरी आली, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावली आणि किल्ली तिथेच राहिली.

आता टेकडीवर ती कशाला गेली होती, हे तुम्हाला कळवायचं तिने मला मना केलं होतं. म्हणून कळवतो. माझ्या आईच्या आजारपणात तिने नर्सची नोकरी सोडली, हे तुम्हाला माहीत आहे. आई गेली. त्यानंतर घरात ताप येणारं कोणी उरलं नाही, आणि एका माणसाचं किती वेळा ब्लडप्रेशर तपासणार? (ते माणूस मी. दिवसातून दोनदा तपासलं जात होतं, आणि ‘तुमचं काही बिघडत का नाही’ अशा चेहऱ्याने नोंदवलं जात होतं.) अशात तिच्या जुन्या मेट्रनचा निरोप आला. टेकडीवरच्या छोट्या इस्पितळाची व्यवस्था आता त्या बघतात, त्यांना वॉर्ड सांभाळणारी अनुभवी बाई हवी आहे. पाळी मात्र पहाटेची, बस सुरू व्हायच्या आधीची. तेव्हा गाडी आली तर नोकरी आली, नाहीतर नाही. उत्तर पंधरवड्यात द्यायचं होतं. किल्ली खिळ्याला लागली त्या दिवसापासून ती म्हणू लागली, “घरातच बरं आहे हो मला. या वयात कुठे दगदग?” दादासाहेब, गाडीचे झटके मी सहन केले. हे वाक्य मला सहन होईना. तिच्या तोंडात ते वाक्य उसनं आणलेल्या भांड्यासारखं दिसत होतं.

म्हणून मी गाडी ढकलत (अक्षरशः, आणि शेजारच्या आजोबांच्या मार्गदर्शनाखाली) कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मालकाला मी मनातल्या मनात वैद्यराज म्हणतो. मोठा दिलदार माणूस. त्याच्या आत्मविश्वासाला निदानाची गरज लागत नाही. त्याने पहिल्या भेटीत प्लग बदलले. दुसऱ्या भेटीत पेट्रोलची गाळणी. तिसऱ्या भेटीत एक लहानसं यंत्र गाडीच्या पोटात खुपसलं, बटण दाबलं आणि पिवळा दिवा विझला. आम्ही धन्य होऊन निघालो. (गॅरेज ते घर एवढ्यापुरती ती नाइलाजाने चालवत असे.) दिवा बेकरीपाशी पुन्हा लागला. परत नेली, त्याने परत विझवला. असं होता होता बेकरीवाला आम्हाला बघून हात हलवू लागला. शेवटी वैद्यराजाने मला बाजूला घेऊन, पण तुमच्या बहिणीला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सर, गाडी वहिनी चालवतात का?”

त्याच्या दुर्दैवाने वहिनी तिथेच उभ्या होत्या. इतके दिवस गप्प असलेली ती बाई पुढे झाली.

“तुमच्या त्या यंत्रावर काय लिहून येतं?”

“काही नाही वहिनी. पुसून टाकलं ना.”

“पुसायच्या आधी काय होतं?”

“ते नाही बघितलं. पुसायचंच होतं, तर बघायचं कशाला?”

“म्हणजे ताप किती आहे ते न बघताच तुम्ही थर्मामीटर झटकून ठेवता.”

वैद्यराज खळखळून हसला. (हसता येणाऱ्या माणसाशी भांडण करता येत नाही, हा तोटा आहे.) पुढच्या वेळी दिवा लागल्यावर त्याने पुसण्याआधी वाचलं आणि सांगितलं की थ्रॉटलच्या सेन्सरबद्दल काहीतरी म्हणतंय, पण वहिनी, हे यंत्र काय, कशालाही काहीही म्हणतं. यंत्रापुढे मीही कशालाही काहीही म्हणतो, त्यामुळे मला त्याचं पटलं. तुमच्या बहिणीला पटलं नाही.

हा सेन्सर म्हणजे काय, ते मला जसं समजलं तसं सांगतो. आपण पाय दाबतो तेव्हा इंजिनात हवा सोडणारी एक झडप उघडते. ती किती उघडली हे गाडीच्या मेंदूला कळवायला झडपेच्या आसाला एक काळी डबी लावलेली असते, काडेपेटीएवढी. डबीच्या आत एक कमानीसारखी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारं एक बारीक बोट. बोट जसं पुढे सरकेल तसा विजेचा दाब चढत जातो, आणि मेंदू त्यावरून पेट्रोल मोजून सोडतो. थोडक्यात, ही डबी म्हणजे पाय आणि इंजिन यांच्यामधली दुभाषी. आता दुभाषीच जर एखाद्या शब्दापाशी अडखळू लागला, तर बोलणारा कितीही मृदू बोलो, ऐकणाऱ्याला वाटतं की हा मध्येच उठून गेला.

पण हे मला नंतर कळलं. तिला कसं कळलं ते ऐका, कारण त्यात तुमच्या वडिलांचा हात आहे. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात बातम्या लावत होती. तुमच्या घरचा तो जुना रेडिओ अजून आमच्या फडताळावर आहे. आवाज वाढवताना तो एका जागी खरखरतो, तसा खरखरला. नेहमी ती बटण झटकन पुढे नेते. त्या दिवशी नेलं नाही. मागे आणलं, पुढे नेलं, मागे आणलं. खर्र, शांत, खर्र, शांत. मला वाटलं, ही आता रेडिओवर राग काढतेय.

“अहो, हा कायम याच जागी खरखरतो.”

“जुना झाला आहे.”

“सगळाच जुना झालाय. मग सगळीकडे का नाही खरखरत? बाबा बातम्या कायम याच आवाजात ऐकायचे. ना कमी, ना जास्त. इथेच घासला गेलाय तो.” मग ती चमच्यासकट माझ्याकडे वळली. “गाडी झटका कुठे देते?”

“चढावर.”

“चढावर नाही. सपाटीवरही देते. पाय एवढा गेला की देते.” आणि तिने तळहात हवेत असा तिरपा धरला की जणू त्यात काहीतरी भरलेलं सांडू नये. “कायम एवढ्यालाच.”

पोळी करपली. (माझीच होती.)

तुमच्या वडिलांचा रेडिओ दुरुस्तीचा डबा तुम्हाला आठवत असेल. त्यातला तो काटेवाला मीटर तिने माळ्यावरून काढला. वैद्यराजाकडे आकडे दाखवणारा नवा मीटर होता, पण त्याचे आकडे इतके भराभर नाचत की एखादा क्षणभर शून्य झाला तर दिसायचाच नाही. काटा मात्र पडला की पडलेला दिसतो. नाडी पाहण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला काटाच बरा वाटला, यात नवल नाही. तिने बॉनेट उघडलं, काळी डबी शोधली, तिच्या तीन तारांपैकी एकीला पाच व्होल्ट नीट येतायत हे तपासलं, दुसरी जमिनीची म्हणजे अर्थिंगची, आणि तिसरीला, जी मेंदूकडे निरोप नेते, मीटर लावला. इंजिन बंद, फक्त किल्ली फिरवलेली. आता कुणीतरी आत बसून पाय अगदी सावकाश, एकसारखा दाबत न्यायचा होता. घरात ‘कुणीतरी’ म्हणता येईल असा एकच माणूस आहे.

ड्रायव्हरच्या सीटवर मी आयुष्यात प्रथम बसलो. सीट तिच्या उंचीला पुढे ओढलेली, मागे सरकवायचा खटका मला सापडेना, त्यामुळे गुडघे आणि हनुवटी यांची प्रथमच ओळख झाली. (सहा अंगांचा उलगडा इथे होतो.) मी दाबला. बॉनेटच्या मागून आवाज आला, “हळू.” मी हळू दाबला. “अहो, हळू! काटा एकदम टोकाला गेला. पाय आहे का मुसळ?” मी पुन्हा दाबला. “परत तेच! सावकाश म्हणजे काय कळतं का तुम्हाला?” मला कळत होतं. पायाला कळत नव्हतं. ‘धसमुसळा’ या विशेषणाचा मालक घरात दुसराच कोणी असावा, असा एक अस्पष्ट विचार मनात येऊन गेला, पण तो मी पुढे वाढू दिला नाही.

शेवटी तीच म्हणाली, तुम्हाला सावकाश आणि एका तालात काय करता येतं? मी विचार करून सांगितलं, विभक्ती. “मग विभक्ती म्हणा आणि एकेका विभक्तीला पाय थोडा थोडा न्या.” तेव्हा मी मुलांकडून आयुष्यभर घोकून घेतलेला ‘देव’ शब्द घेतला, फक्त एकवचन. देवः, पाय नुसता टेकलेला. देवम्, किंचित. देवेन. देवाय. देवात्. देवस्य. देवे. आणि शेवटी पाय तळाला टेकतो तिथे ‘हे देव’. (संबोधन तिथेच असायला हवं, हे गाडीत बसलेल्या कुणालाही पटेल.) अर्ध्या व्होल्टपासून निघालेला काटा माझ्या पठणाबरोबर गंभीरपणे चढू लागला. देवः. देवम्. देवेन. दे...

“थांबा! पडला!”

“कुठे?”

“देवाय! पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हटलं. देवेन म्हणेपर्यंत काटा चढतो, देवाय म्हटलं की सपशेल शून्यावर आदळतो आणि देवात् म्हणताच काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत वर उभा. उलटं म्हटलं. देवे, देवस्य, देवात्, देवाय, धप्प. तिने तारा हलवून पाहिल्या, जोडणीचा चिमटा काढून पुसून परत बसवला, म्हणजे दोष तारेचा नाही ना याची खात्री. काटा त्या सगळ्याला दाद देत नव्हता. तो फक्त देवायला पडत होता. एव्हाना शेजारचे आजोबा कुंपणापाशी येऊन उभे राहिले होते. बंद गाडीत बसून एक गृहस्थ मोठ्याने विभक्ती म्हणतायत, त्यांच्या पत्नीचं डोकं बॉनेटमध्ये आहे आणि आतून अधूनमधून “पडला, पडला!” असा हर्षाचा आवाज येतोय. आजोबांनी बराच वेळ पाहिलं आणि हलकेच विचारलं, “सगळं बरं आहे ना?”

तिने डोकं बाहेर काढलं. नाकावर काळा डाग. ती म्हणाली, “माझा पाय नव्हता.” आधी अगदी हळू म्हणाली, आजोबांनाच सांगितल्यासारखं. मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, “अहो, माझा पाय नव्हताच!” दादासाहेब, मी पुष्कळ ग्रंथांत पुष्कळ मोठी वाक्यं वाचली आहेत. असं एकही आठवत नाही की जे ऐकून मला आपण गाडीत अडकलो आहोत याचा विसर पडावा.

दुरुस्ती मी थोडक्यात सांगतो, कारण तीत माझा सहभाग फार आहे. नवी डबी वैद्यराजाने मागवून दिली. (त्याला काट्याचा प्रयोग करून दाखवला तेव्हा तो इतका खूष झाला की आता येणाऱ्या प्रत्येक गाडीवर ‘देवाय टेस्ट’ करतो. त्याला पुढच्या विभक्ती येत नाहीत, त्यामुळे त्याची परीक्षा अर्ध्यावर थांबते.) बॅटरीची तार सोडली, डबीचे दोन स्क्रू काढायला घेतले. एक निघाला. दुसरा इतक्या वर्षांत तिथे इतका रमला होता की वैद्यराजाने त्याला बराच वेळ पक्कडीने समजावलं. नवी डबी बसवण्याचा मान मी मागून घेतला. तिच्या आत एक लहानशी जीभ असते, ती झडपेच्या आसाच्या एका विशिष्ट बाजूला टेकावी लागते. मी ती दुसऱ्या बाजूला टेकवली. किल्ली फिरवताच इंजिनाने अशी डरकाळी फोडली की मी गॅरेजबाहेर बेकरीपाशी पोचल्यावरच मला आपण धावल्याचं कळलं. बेकरीवाल्याने हात हलवला.

मग तिने ती काढून नीट बसवली. काटा लावून आरंभीचा दाब अर्ध्या व्होल्टवर आणला, स्क्रू आवळले, आणि पुन्हा एकदा मला आत बसवून ‘देवः’पासून ‘हे देव’पर्यंत नेलं. काटा एखाद्या सुशील विद्यार्थ्यासारखा चढत गेला, देवायलाही अडखळला नाही. त्यानंतर इंजिन नुसतं चालू ठेवून, पॅडलला कुणीही पाय न लावता, गाडीला नव्या डबीची ओळख पटेपर्यंत स्वस्थ बसायचं असतं. काहीही न करण्याची ही पायरी माझ्यावर सोपवण्यात आली आणि ती मी निर्दोष पार पाडली.

टेकडीला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. तिने बूट घातले होते. चढावर समोरची कचऱ्याची गाडी थांबली, तीही थांबली, मागे रांग लागली. मी श्वास धरला. ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. गाडी निघाली, आणि तिचं ‘देवाय’ मला ऐकू आलं तेव्हा आपण चढतो आहोत एवढंच जाणवलं, बाकी काही नाही. आचका नाही, विचार नाही. पिवळ्या दिव्याची जागा काळी. इस्पितळाच्या फाटकात तिने गाडी उभी केली, आरशात बघून केस सारखे केले आणि म्हणाली, “तुम्ही बसा. मी मेट्रनना सांगून येते.” मी बसलो. फार वेळ बसलो. वॉर्ड बघितल्याशिवाय ती परत येणार नाही हे मला कळायला हवं होतं. परत आली तेव्हा ती नुसती चालत नव्हती, नर्स चालते तशी चालत होती. तुम्हाला तो फरक आठवत असेल. मी विसरलो होतो.

गाडी पहाटे थंडीत अजून थोडी कुरकुरते. पण ती बरी झालेली कुरकुर आहे. पाळी पहिल्या तारखेपासून आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक घेत जा, आणि वहिनींना सांगा की स्वेटरची दुसरी बाही अजून आलेली नाही.

आपला
आवुत्त
(जुन्या संस्कृतात बहिणीच्या नवऱ्याला असं म्हणतात. त्याचं कुणी ऐकत नसे, पण त्याला शब्द मात्र स्वतंत्र होता.)

ता. क. महिनाअखेरीस येणाऱ्या त्या गृहस्थाला कृपया येऊ नका म्हणून कळवा. तुमच्या बहिणीला आणि गाडीला कामावर रुजू व्हायची तयारी करायची असल्याने दारात त्यांना फक्त मी सापडेन, आणि मला कोणी विकत घेणार नाही.

आणखी एक ता. क. पत्राच्या सुरुवातीला यात विनंती नाही असं मी लिहिलं आहे. ते लिहिलं तेव्हा खरं होतं, कारण विनंती इथे आहे. गाडीची कागदपत्रं तिच्या नावावर करून पाठवा. किंमत तुम्ही ठरवाल ती, त्याबद्दल मी वाद घालणार नाही, ती घालेल. आणि तिला एकदा फोन करून म्हणा की पाय तिचा नव्हता. तिला त्याची काही गरज नाही असं ती म्हणते. ज्या आवाजात म्हणते त्यावरून मी हे लिहितो आहे.

तिसरा ता. क. सोबतच्या पाकिटात जुनी डबी पाठवतो आहे. झाकण आम्ही सुरीने उचकटलं आहे. आतल्या काळ्या पट्टीवर एकाच जागी घासून पांढुरकं झालेलं दिसेल, बाकी पट्टी नव्यासारखी. ती जागा म्हणजे पाय किती दाबला असता येते, हे आम्ही सपाट रस्त्यावर जाऊन पाहिलं. वेगाचा काटा चाळीसवर स्थिर होता. आता आमच्या जुन्या रीतीनेच कारण काढायचं, तर इतकी वर्षं त्या एका जागी कोणाचा पाय होता, हे मी लिहायला नको. हे पत्र टाकण्याआधी तुमच्या बहिणीने वाचलं. म्हणाली, “दादाला असं नका हो लिहू. रेडिओ बाबांचा, डबी दादाची. आमच्या घरातली माणसं एका जागी जरा जास्तच टिकतात, एवढंच.” मग पाकिटात डबी तिनेच कापसात गुंडाळून ठेवली.

शेवटचा ता. क. ती आता मला गाडी शिकवते आहे. आज सकाळी अंगणातून निघताना गाडीने एक जबरदस्त आचका दिला आणि बंद पडली. डबी नवी आहे. तारा ठीक आहेत. काटा कुठेही पडत नाही. निष्कर्ष काढण्याचं काम तिने माझ्यावर सोपवलं आहे. मी चपला काढून पाहिल्या. उपयोग नाही.